रडायची थांबली म्हणजे रमली असे नव्हे



दुबई आता आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिली आहे. २०२० च्या करारानंतर थेट विमाने सुरू झाली आणि आपली मंडळी ती उंच इमारत, सोन्याचा बाजार वगैरे बघून आली. पण अजमान? दुबईला लागून शारजा आणि शारजाला लागून अजमान. सात अमिरातींत सर्वांत लहान, सगळे मिळून २६० चौरस किलोमीटरच्या आसपास. बघायला म्हणाल तर एक जुना किल्ला, त्यात म्युझियम, आणि समुद्रकिनारा. घरभाडे मात्र दुबईपेक्षा स्वस्त. म्हणून दुबईत नोकरी करणारी कितीतरी भारतीय कुटुंबे राहायला अजमानला असतात. अंधारात उठायचे, डबे भरायचे, मोटारींच्या रांगेत बसून कामावर जायचे आणि संध्याकाळी त्याच रांगेतून परत यायचे.

आम्ही दोघी बहिणी २०२२ साली पुरीम झाल्यावर तिथे गेलो आणि पेसाहच्या आधी परत आलो. हौसेने नाही गेलो. आमच्या भाचीचा, म्हणजे ठाण्याच्या भावाच्या मुलीचा, फोन आला होता. "आत्या, तुमचा जन्म लहान मुलांत गेलाय. एकदा येऊन बघा ना. माझी मुलगी मला आई म्हणत नाही."

झाले होते ते असे. छोटी २०१८ च्या अखेरीस जन्मली. (तिचे नाव लिहीत नाही. मोठी होऊन वाचील तेव्हा आमच्यावर रागवायला नको.) त्या वेळी तिथल्या खासगी नोकरीत बाळंतपणाची भरपगारी रजा ४५ दिवस असे. फेब्रुवारी २०२२ पासून नवा कायदा आला आणि ती ६० दिवसांची झाली, त्यांतले शेवटचे १५ अर्ध्या पगाराचे. भाचीने आधी बिनपगारी रजा काढली, मग पाळणाघर करून पाहिले, मग शेजारीण. शेवटी आठ महिन्यांच्या बाळाला ठाण्याला आजीकडे, आमच्या वहिनीकडे, नेऊन ठेवले. फक्त सहा महिन्यांसाठी. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. मार्च २०२० मध्ये विमाने बंद पडली. जरा सुरू होतात तोच एप्रिल २०२१ मध्ये अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना पुन्हा दार लावले. मधे जावयाची नोकरी गेली, नवी मिळाली. सहा महिन्यांची सव्वादोन वर्षे झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये छोटी अजमानला आली ती तीन वर्षांची होऊन.

आल्यावर दहा-बारा दिवस खूप रडली. "आजी, आजी" करत चपलांपाशी जाऊन बसायची. मग थांबली. घरात सगळ्यांना हायसे वाटले. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, किती शहाणी मुलगी! हट्ट नाही, मागणे नाही, कोणी उचलले तरी जाते. पडली तरी रडत नाही. एक दिवस तिचा गुडघा चांगला सोलवटला होता, तो भाचीला रात्री आंघोळ घालताना दिसला.

भाचीने हे फोनवर सांगितले आणि आम्ही दोघी गप्प झालो. कारण असे शहाणे मूल आम्ही पूर्वी पाहिले होते.

आमच्यातली थोरली १९७० नंतरच्या वर्षांत एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नवी नर्स होती. हिब्रू अजून अडखळत यायचे. भेटीच्या वेळा ठरलेल्या. दोन वर्षांची एक मुलगी भाजून आली होती, चहाचे भांडे अंगावर पडले होते. आई लांबच्या मोशावची, घरी आणखी पाच लेकरे, बसचे पैसे जेमतेम. आठवड्यातून दोनदा यायची. पहिले काही दिवस मुलीने वॉर्ड डोक्यावर घेतला. मग मुसमुसत भिंतीकडे बघत पडून राहू लागली. मग एकदम सुधारली. आमच्याशी हसायची, खाऊ घ्यायची. आई आली की मात्र तोंड फिरवायची. आई रडायला लागली तर आम्ही काय म्हणालो असू? "तू येतेस ना, म्हणून बिथरते. जरा कमी येत जा." असे सांगितले आम्ही. आणि वर आम्हाला वाटले, मुलीला आमचा लळा लागला.

धाकटीचे निराळे. ती एका किबुत्झात बालघरात कामाला होती. तिथे मुले रात्रीसुद्धा बालघरातच झोपत, आईबापांपासून वेगळी, आणि पहारा करणारी एकच बाई अनेक घरांतल्या मुलांवर लक्ष ठेवी. रात्री मूल उठले तर त्याच्यापर्यंत कोण कधी पोचेल त्याचा नेम नसे. हळूहळू मुले हाक मारायची सोडून देत. तेव्हा सगळे म्हणत, झोपायला शिकली.

आम्ही कोणी दुष्ट नव्हतो. शिकवले तसे केले. पण खरे सांगायचे तर तोवर हे जगात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. लंडनच्या जॉन बोल्बी नावाच्या डॉक्टरांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला होता, की लहान मुलाला दूध आणि औषध जितके लागते तितकेच एका ठरावीक, ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या माणसाजवळ असणे लागते. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक चित्रपट दाखवला. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस इस्पितळात, एवढेच त्यात आहे. ती मुलगी फारशी रडत नाही. तेच बघवत नाही. डॉक्टर मंडळी त्या वेळी रॉबर्टसनवरच चिडली. त्या दोघांनी पाहिले की ताटातुटीत मूल तीन पायऱ्या उतरते: आधी आकांत, मग उदासी, आणि मग अलिप्तपणा. तिसरी पायरी लांबून पाहिली तर मूल रमल्यासारखे दिसते. पुढे १९५९ मध्ये इंग्लंडात सरकारी समितीने सांगितले की आईबापांना वॉर्डात मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्या. आमच्या वॉर्डात हे सगळे पोचायला वेळ लागला.

बालघरांचा हिशेबही आपल्या हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडला, १९९४ मध्ये छापला. बालघरात झोपणाऱ्या तान्ह्यांपैकी आईचा निर्धास्त लळा असलेली १०० त ४८ निघाली. दिवसा बालघरात पण रात्री घरी आईजवळ झोपणारी, त्यांत ८०. फरक फक्त रात्रीचा! किबुत्झांनी तोवर मुले घरी आणायला सुरुवात केलीच होती, पुढच्या काही वर्षांत ती पद्धत संपली.

असो. अजमानला गेलो तेव्हा मनात हे ओझे होते. भाचीला वाटले आम्ही औषध सांगू. आमच्याकडे औषध नव्हते, अपराधाची जाणीव तेवढी होती.

औषध म्हणा हवे तर, ते एका बाईंकडे मिळाले. अल नुऐमिया भागात एका इमारतीत त्यांची खोली. साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या. समुपदेशक. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून बाईच म्हणतो. खोलीत टेबल-खुर्ची एका कोपऱ्यात ढकललेली आणि मधोमध चटई. मोठ्या माणसांनीही चटईवरच बसायचे. आमचे गुडघे बघून आम्हाला मात्र पाट दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी छोटीला आणूच दिले नाही. एकट्या भाचीला बसवले आणि मुलीबद्दल काही न विचारता विचारले, "तू लहानपणी घाबरलीस की कोणाकडे पळायचीस गं?" भाची तासभर बोलली. रडली. बाईंनी पाणी दिले, पुढे ऐकत राहिल्या. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "आत्या, तिने मला एकदाही विचारलं नाही की मुलीला ठेवलीस कशी." आम्ही मनात म्हटले, आम्ही फोनवर दोनदा विचारले होते.

पुढे आमची ओळख वाढल्यावर बाईंनी आपली रीत सांगितली. "मी मुलाला काही करत नाही. आईला धरते. आईला कोणी धरलं की ती मुलाला धरते. आईला आरोपी केलं की ती मुलाकडे बघतानाही आरोपीसारखी बघते, आणि मुलाला ते कळतं." हे त्या पुस्तकात शिकल्या, पण पुस्तकाच्या आधी अंगावरून गेलेले होते. वडील मुंबईत गिरणीत, आई त्यांच्याजवळ, ही गावी आजीकडे सात वर्षांची होईपर्यंत. आई गणपतीत यायची आणि परत जाताना रडारड नको म्हणून पहाटे, ही झोपेत असताना, निघून जायची. "अजून मला पहाटे जाग येते," बाई हसत म्हणाल्या. म्हणून त्यांचा पहिला नियम: सांगून जायचे. मूल रडले तरी चालेल, चोरून जायचे नाही. कधी येणार ते घड्याळात सांगायचे नाही, मुलाला कळेल असे सांगायचे. आम्ही होतो त्यात २ एप्रिलला रमजान सुरू झाला. तिथे त्या महिन्यात सर्वांचेच कामाचे तास रोज दोन तासांनी कमी होतात. भाची छोटीला सांगे, "संध्याकाळची अजान व्हायच्या आत मी घरी असेन." आणि असायची. एक दिवस पुलावर गाड्या तुंबल्या आणि अजान आधी झाली. छोटी काही बोलली नाही, दाराकडे पाठ करून बसली. भाची आल्यावर तिने सबबी सांगितल्या नाहीत. खाली बसून म्हणाली, "मी म्हटलं होतं आणि आले नाही. तुला वाट बघावी लागली." हेही बाईंनीच शिकवलेले. चुकणार, प्रत्येक आई चुकणार. एड ट्रॉनिक म्हणून अमेरिकेतले एक संशोधक आहेत, त्यांनी आई आणि तान्हे बाळ यांचे एकमेकांकडे बघणे चित्रित करून तपासले. चांगल्या जोड्यांतही दोघांचा सूर जेमतेम तिसरा हिस्सा वेळ जुळलेला असतो. बाकी सगळा वेळ बिघडणे आणि पुन्हा जुळवणे. बाई म्हणायच्या, जुळवण्यातूनच लळा वाढतो.

रोज पंधरा मिनिटे चटईवर. फोन दुसऱ्या खोलीत. मूल जे खेळेल त्याच्या मागे जायचे. "हा कुठला रंग?" "एक-दोन म्हणून दाखव" असली परीक्षा नाही. "आई म्हण" तर अजिबात नाही. सुरुवातीला छोटी भाचीकडे पाठ करून ठोकळे लावायची. भाची नुसती म्हणायची, "लाल ठेवलास. त्याच्यावर निळा." आठ दिवस हेच. आम्हाला वाटायचे, यासाठी का फी द्यायची!

आणि मग आमचीच गंमत झाली.

छोटी आम्हा दोघींना फार लवकर चिकटली. आम्ही तिच्या आजीसारख्याच दिसतो, बोलतो, बोंबलाचे कालवण आणि भात कालवून भरवतो. भूक लागली की आमच्याकडे, झोप आली की आमच्या मांडीवर. आम्ही खूश. बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितले. बाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "आजी, रागवू नका. तुम्ही महिन्याने जाणार. तिला पुन्हा एक आजी गमवायला लावू नका. तुमचं प्रेम थोडं खिशात ठेवा. संध्याकाळी आई घरात असेल तेव्हा तुम्ही दोघी फिरायला जा."

लागले ते मनाला. पन्नास वर्षांपूर्वीची ती भाजलेली मुलगी आठवली. तेव्हाही मूल आमच्याकडे हसत होते आणि आई बाजूला उभी होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही थर्मासमध्ये चहा भरून कॉर्निशवर, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर, जाऊन बसायला लागलो. रमजान सुरू झाल्यावर थर्मास घरी ठेवला, लोकांचे रोजे असताना बरे दिसत नाही. घरी काय चालले असेल म्हणून जीव खालीवर व्हायचा, तरी बसायचो.

ठाण्याच्या वहिनीचेही तसेच. आधी यांनी व्हिडिओवरचे बोलणे बंद केले होते, कारण फोन झाला की छोटी कोमेजायची. बाईंनी ते उलटे केले. रोज ठरलेल्या वेळी आजी दिसलीच पाहिजे, आणि फोनच्या वेळी छोटी आईजवळ बसलेली हवी. आजीला विसरायला लावून आई मिळत नाही म्हणाल्या. वहिनी बिचारी फोनवर स्वतःच रडायची. तिच्या मांडीवरून सव्वादोन वर्षांचे मूल उचलून नेले होते, तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. बाईंनी एक दिवस अर्धा तास फक्त तिच्याशी बोलण्यात घालवला.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. छोटीच्या बॅगेत आजीची जुनी सुती साडी आली होती. भाचीने प्रेमाने मशीनमध्ये धुतली, घडी करून दिली. छोटीने वास घेतला आणि फेकून दिली. कळले का? साडी तीच होती, पण आजी निघून गेली होती त्यातून. अमेरिकेत हॅरी हार्लो नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात माकडांच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या होत्या. एक तारेची, तिच्याजवळ दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याजवळ काही नाही. पिल्ले दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि बाकी सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसत. (त्या पिल्लांना आईपासून तोडले हे काही बरे केले नाही, ते आम्हालाही पटत नाही.) बाईंनी वहिनीला निरोप पाठवला की वापरलेली, न धुतलेली साडी पाठवा. वहिनीला हे काही पचेना. "पाहुण्याच्या हाती पारोसं लुगडं पाठवू? लोक काय म्हणतील!" शेवटी ओळखीच्या एका माणसाबरोबर आली साडी, दोन पिशव्यांत गुंडाळून. छोटी ती अंगावर घेऊन झोपली. आपल्या तनाखमध्ये हन्ना शमुवेलला शिलोच्या मंदिरात ठेवून आली, आणि दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. लहानपणी हे वाचले तेव्हा वाटायचे, थंडीसाठी नेत असेल.

एक इशारा मात्र देतो. लळ्याच्या नावाखाली भलते प्रकारही चालले आहेत. मुलाला जबरदस्तीने दाबून धरायचे, आरडाओरडा करू द्यायचा, म्हणजे म्हणे आईवर प्रेम बसते. अमेरिकेत कोलोराडो राज्यात २००० साली अशाच एका 'उपचारात' दहा वर्षांची मुलगी चादरीत गुदमरून मेली. कोणी मुलावर जोर करायला सांगितले तर तिथून सरळ उठून यावे.

छोटीचे पुढे काय झाले? जादू काही झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती एकदम बिघडली. लाथा मारायला लागली, भाचीला चावली, जेवण भिरकावले, रात्री ओरडत उठायची. जावई म्हणाला, हे काय, आधी तर चांगली होती. बाईंना फोन केला तर त्यांना आनंद झाला! "आता ती भांडते आहे. ज्याच्याशी नातं नाही त्याच्याशी कोण भांडतं?" त्या रात्री भाची दोन वाजेपर्यंत तिला घेऊन बसली. आम्ही आतल्या खोलीत जाग्या, पण बाहेर गेलो नाही. सिस्टरचा हात शिवशिवत होता, खोटे कशाला बोलू.

आणि शेवटच्या शब्बाथला, मेणबत्त्या लावायच्या वेळी, छोटी धावताना दाराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. आम्ही दोघी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिले, आणि आमच्या मधून वाट काढून स्वयंपाकघरात भाचीकडे गेली. तोंडाने काही म्हणाली नाही. गुडघा पुढे केला नुसता. भाचीने खाली बसून फुंकर घातली. तेव्हा कुठे छोटीने भोकाड पसरले.

आपल्यातली काही जण १९५० आणि १९६० च्या दशकांत युवा आलियाबरोबर आईवडिलांच्या आधी, एकटी इथे आली. आईवडील मागून आले तेव्हा बंदरावर किंवा विमानतळावर काय बोलावे ते सुचले नाही, असे आम्ही एकीकडून नाही, दोघी-तिघींकडून ऐकले आहे. त्या आता आमच्याच वयाच्या आहेत, कोणी मोठ्या. बाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, त्यांना कोणी कधी विचारलं का? आम्ही परत आल्यावर एकीला विचारले. तिने तीन तास सांगितले, आणि शेवटी चहा ठेवायचाच राहिला.

परतीचे विमान पहाटेचे होते. आम्ही ठरवले होते की छोटी झोपली की हळूच निघू, जुन्या सवयीने. भाचीनेच अडवले. तिला उठवून, कडेवर घेऊन दाराशी आणले. आम्ही सांगितले की आम्ही विमानाने आमच्या घरी चाललो, आजीसारख्याच रोज फोनमध्ये दिसू, आणि तू आईजवळ आहेस. छोटी रडली, मोठ्याने, सगळा मजला जागा होईल अशी. रडता रडता तोंड आईच्या खांद्यात खुपसले. लिफ्टचे दार बंद झाले तरी आम्हाला ऐकू येत होते.